धूर, आग आणि इन्स्पेक्टर : अलीकडच्या काही रहस्यमालिका वाचताना

(ग्रंथालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, रहस्यकादंबऱ्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "सर, आम्हाला वाटलं होतं तुम्ही शंकराचार्यांवर बोलाल." मी म्हटलं, शंकराचार्यांवर तुमच्याकडे चार व्याख्यानं झाली आहेत, त्यातली दोन माझीच. लोकांनी किती सोसायचं?

आधी एक शब्द देतो. आज ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहे, त्यातल्या एकाही कादंबरीतला गुन्हेगार मी सांगणार नाही. रहस्यकथा न वाचलेल्या माणसाला शेवट सांगणं हा माझ्या मते दखलपात्र गुन्हा आहे. मात्र एका प्रकरणातला गुन्हेगार आज सांगणार आहे. ते प्रकरण कुठल्याही पुस्तकात नाही. ते ओघात येईल.

माझ्या पिढीतल्या बहुतेकांची सुरुवात बाबुराव अर्नाळकरांपासून झाली. हजारावर रहस्यकथा लिहिणारा माणूस. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. गल्लीच्या तोंडाशी एक लहानसं वाचनालय होतं, तिथून दिवसाच्या भाड्यानं पुस्तक आणायचं आणि भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचं. वडिलांना ते अजिबात आवडत नसे. पुढे मी तत्त्वज्ञानाकडे वळलो, तर्कशास्त्र शिकवायला लागलो, आणि रहस्यकथा मागे पडल्या. प्रबंध लिहिणाऱ्या माणसानं असलं काही वाचायचं नसतं, असा एक समज त्या काळी होता. माझाही होता.

तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बारीक टाइप नको म्हणाले डॉक्टर. माझी नात वकिलीचं शिक्षण घेते. तिनं स्वतःचं वाचायचं यंत्र आणून दिलं, अक्षरं बोराएवढी मोठी केली आणि म्हणाली, "आबा, शंकरभाष्य यात नाहीये. यात जे आहे ते वाचा." त्यात सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' होती. ती दोन दिवसांत संपली. मग पुढचे भाग, मग दुसरी मालिका, मग तिसरी. तेव्हापासून हा नाद आहे.

आज तीन मालिकांबद्दल बोलतो. तिन्ही इंग्रजीत, तिन्हींचे लेखक भारताबाहेर वाढलेले, आणि तिन्ही आपल्याच इतिहासातल्या.

पहिली सुजाता मॅसी यांची. नायिका परवीन मिस्त्री, १९२१ सालच्या मुंबईतली पारशी वकीलबाई. वडिलांच्या वकिली कचेरीत काम करते. स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय कायद्यानं खुला झाला १९२३ साली, त्यामुळे परवीनला न्यायालयात उभं राहून वाद घालता येत नाही. ती दस्तऐवज तपासते, अशिलांना भेटते. या व्यक्तिरेखेमागे लेखिकेनं दोन खऱ्या स्त्रियांची प्रेरणा सांगितली आहे. एक मिठान लाम, मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री वकील. दुसऱ्या कॉर्नेलिया सोराबजी, ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली स्त्री. या कॉर्नेलियाबाईंचा जन्म आपल्या नाशिकचा, १८६६ सालचा. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांची कायदेशीर कामं पाहण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली.

दुसरी वसीम खान यांची 'मलबार हाउस' मालिका. पहिली कादंबरी २०२० सालची, 'मिडनाइट अॅट मलबार हाउस'. ३१ डिसेंबर १९४९ची रात्र. प्रजासत्ताक व्हायला महिनासुद्धा उरलेला नाही, आणि मुंबईत एका इंग्रज मुत्सद्द्याचा त्याच्याच घरच्या मेजवानीत खून होतो. तपास येतो पर्सिस वाडियाकडे. देशातली पहिली स्त्री पोलीस इन्स्पेक्टर, अर्थात कादंबरीतली. प्रत्यक्षात किरण बेदी पोलीस सेवेत आल्या त्या १९७२ साली, म्हणजे कादंबरी बावीस-तेवीस वर्षं पुढे धावली आहे. पर्सिसला नेमलंय कुठे, तर नको असलेले अधिकारी जिथे टाकतात त्या चौकीत. तिच्या वडिलांचं पुस्तकांचं दुकान आहे. अशी माणसं मला लगेच जवळची वाटतात.

तिसरी आबीर मुखर्जी यांची. स्थळ कलकत्ता. २०१६ सालच्या 'अ रायझिंग मॅन'पासून सुरुवात, काळ एप्रिल १९१९. नायक कॅप्टन सॅम विंडहॅम, पहिल्या महायुद्धातून वाचलेला, पत्नी गमावलेला, अफूच्या आहारी गेलेला इंग्रज अधिकारी. त्याचा सहकारी सार्जंट सुरेंद्रनाथ बॅनर्जी. इंग्रज साहेबांना 'सुरेंद्रनाथ' म्हणता येत नाही, म्हणून ते त्याला 'सरेंडर-नॉट' म्हणतात. 'शरण जाऊ नको.' माणूस इंग्रजांच्या पोलिसात नोकरी करतो, त्यावरून घरच्यांशी त्याचं बिनसलेलं, आणि त्याच्या नावाचा अपभ्रंश होतो तो हा. एका नावात मुखर्जींनी अख्खी मालिका ठेवली आहे.

आता थोडं तर्कशास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही.

न्यायदर्शनात गौतमानं सोळा पदार्थ सांगितले. त्यात एक आहे संशय आणि एक आहे निर्णय. संशयापासून निर्णयापर्यंतची वाट म्हणजे न्यायशास्त्र. आणि तीच वाट म्हणजे रहस्यकथा. पहिल्या प्रकरणात संशय, शेवटच्या प्रकरणात निर्णय, मधली तीनशे पानं म्हणजे रस्ता.

या रस्त्यावरचं मुख्य वाहन अनुमान. आमचं ठरलेलं उदाहरण : डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. हे नीट मांडायचं तर पाच पायऱ्या. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघर, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. सगळं बळ तिसऱ्या पायरीत आहे. धूर आणि आग यांचा जो न चुकणारा संबंध, त्याला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती कच्ची असली की बाकीच्या चार पायऱ्या कितीही चकचकीत असोत, जिना कोसळतो.

आता मॅसीबाईंच्या पहिल्या कादंबरीकडे या. एक गिरणीमालक वारला आहे. त्याच्या तीन विधवा मलबार हिलवरच्या बंगल्यात कडक पडद्यात राहतात. परवीनसमोर कागद येतो की तिघींनीही आपला सगळा वारसा धर्मादाय कामाला देऊन टाकला आहे. एकीची सही म्हणजे नुसती फुली. परवीन थांबते. फुली मारली, म्हणजे लिहिता येत नसणार. लिहिता येत नाही, म्हणजे वाचताही येत नसणार. वाचता येत नाही, म्हणजे कागदात काय आहे हे तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असणार. आणि त्या कुणीतरी खरं सांगितलं कशावरून?

बघा, फुली हा धूर आहे. पण परवीनची खरी हुशारी मला कुठे दिसली सांगतो. ती यातली एकही पायरी पक्की धरत नाही. एक लिपी येत नसलेल्या बाईला दुसरी येत असू शकते. न वाचताही माणूस समजून-उमजून दान करू शकतो. त्यामुळे ती निष्कर्ष काढून मोकळी होत नाही, ती बंगल्यावर जाते आणि विचारते. पुरुष वकिलाला पडद्याआड प्रवेश नाही, तिला आहे. कादंबरीचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

याच्या उलट उदाहरण मुखर्जींचं. कलकत्त्यात एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याचं प्रेत सापडतं. तोंडात कागद कोंबलेला, त्यावर बंगालीत धमकी. काळ रौलेट कायद्याचा. सरकारचं अनुमान तयार : कागद बंगालीत, म्हणजे मारेकरी क्रांतिकारक. पण व्याप्ती कुठे आहे? 'जिथे जिथे बंगाली कागद तिथे तिथे क्रांतिकारक' असं स्वयंपाकघरासारखं पक्कं उदाहरण कुणी दाखवील का? बंगाली लिहिणारे लाखो. आणि क्रांतिकारकांवर आळ यावा असं वाटणारेही काही असतील. असा हेतू खऱ्या ठिकाणीही सापडतो आणि खोट्या ठिकाणीही. न्यायशास्त्र त्याला सव्यभिचार म्हणतं. मराठीत व्यभिचार म्हटलं की लोक वेगळ्याच अपेक्षेनं कान टवकारतात. (हशा) इथे अर्थ एवढाच की हेतू एका घरी टिकत नाही.

शेरलॉक होम्ससुद्धा आपल्या पद्धतीला 'डिडक्शन' म्हणतो, पण ते बहुतेक वेळा निगमन नसतंच. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं त्याला वेगळं नाव दिलं, अपगमन म्हणा हवं तर : समोरचं आश्चर्य ज्यानं उलगडेल अशी सर्वांत चांगली कल्पना शोधणं. आपल्याकडे मीमांसकांनी यासारखीच एक वस्तू फार पूर्वी ओळखली होती, अर्थापत्ती. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे. म्हणजे रात्री जेवत असला पाहिजे. मी वर्गात हे उदाहरण पस्तीस वर्षं दिलं आणि आता वाटतं, देवदत्ताची ही केस म्हणजे आपल्या तत्त्वज्ञानातली छोटीशी रहस्यकथाच. मीमांसक म्हणतात अर्थापत्ती हे स्वतंत्र प्रमाण, नैयायिक म्हणतात हे अनुमानातच बसतं. ते भांडण मिटलेलं नाही, आज मिटवणारही नाही.

पण एक इशारा देतो. देवदत्ताच्या उदाहरणात आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे, की तो दिवसा जेवत नाही ही माहिती खरी आहे. ती कुणी सांगितली? देवदत्तानंच सांगितली असेल तर? इथून आपण पुढच्या प्रमाणाकडे येतो, आणि माझ्या आजच्या बोलण्याच्या गाभ्याकडे.

नैयायिक चार प्रमाणं मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो आहे तसं सांगतो, तो आप्त. आता रहस्यकथेत गंमत अशी की प्रत्येक पात्र काहीतरी सांगतं आणि त्यातलं निदान एक जण खोटं बोलत असतं. म्हणजे प्रश्न असा होतो, आप्त कोण? आणि जुन्या इंग्रजी रहस्यकथांत याचं उत्तर फार सोयीचं असे. उमराव खोटं बोलू शकतो, डॉक्टर खोटं बोलू शकतो, पण स्वयंपाकीणबाईला काय विचारायचं? ती दिवाणखान्यात नव्हतीच.

या तीन मालिकांनी नेमका हा प्रश्न उचलला आहे. कुणाचा शब्द धरला जातो आणि कुणाचा नाही? परवीन पडद्याआडच्या बायकांचं ऐकते. पर्सिस पुरावा घेऊन येते तेव्हा आधी तिच्याकडे बघितलं जातं, मग पुराव्याकडे, आणि कधी कधी पुराव्याकडे बघायचं राहूनच जातं. बॅनर्जीचं तर अधिक गुंतागुंतीचं. सॅम त्याचा मित्र आहे, भला माणूस आहे, तरी पहिल्या चार कादंबऱ्या आपण सॅमच्याच तोंडून ऐकतो. २०२१ सालच्या 'द शॅडोज ऑफ मेन'मध्ये बॅनर्जीवरच खुनाचा आळ येतो, आणि तिथे पहिल्यांदा मुखर्जी त्याला स्वतःच्या तोंडून बोलू देतात. एक प्रकरण सॅमचं, एक त्याचं. पाचव्या पुस्तकापर्यंत आपल्याला वाटत असतं की हा माणूस आपल्याला कळला आहे. तो बोलायला लागतो तेव्हा लक्षात येतं, आपल्याला सॅमचं त्याच्याबद्दलचं मत तेवढं कळलं होतं.

ते वाचून मी यंत्र बंद केलं आणि बराच वेळ गॅलरीत बसलो. त्याचं कारण आता सांगतो. हेच ते पुस्तकात नसलेलं प्रकरण.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो. सहामाही परीक्षेत माझ्याच विषयाचा पेपर फुटला. तेव्हा प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करत. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं लिहायचं आणि मग यंत्रावर प्रती काढायच्या. यंत्राची खोली कुलूपबंद, किल्ली एका शिपायाकडे. त्याचा मुलगा त्याच वर्गात. आधीच्या परीक्षेत नापास झालेला, या वेळी बासष्ट गुण.

तिघांची चौकशी समिती नेमली. त्यात मी. तर्कशास्त्राचा माणूस म्हणून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तो फार सुरेख लिहिला. खोली बंद, किल्ली एकाकडे, फायदा त्याच्याच घरी. पाच पायऱ्या. बाकीच्या दोघांनी वाचून मान डोलावली. शिपायाला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, किल्ली माझ्याकडं होती, पण मी खोली उघडली नाही." हे त्यानं दोनदा सांगितलं. आम्ही ते नोंदवून घेतलं आणि पुढे गेलो. त्याला काढून टाकलं. सूचनाफलकावर त्याच्या नावाचा कागद लागला.

दीड वर्षानं एक माजी विद्यार्थी भेटायला आला. पेढे घेऊन आला होता, नोकरी लागली होती. बोलता बोलता हसत म्हणाला, "सर, तुमचा पेपर आम्हाला कचऱ्याच्या टोपलीत मिळाला होता." स्टेन्सिल लिहिताना चौथ्या प्रश्नात माझी चूक झाली होती. तो स्टेन्सिल मी चुरगळून प्राध्यापकांच्या खोलीतल्या टोपलीत टाकला आणि नवा लिहिला. चुरगळलेला स्टेन्सिल उजेडासमोर धरला की स्वच्छ वाचता येतो. पोरांनी वाचला.

तर गुन्हेगार चौकशी समितीवर बसला होता आणि अहवाल लिहीत होता. एखाद्या लेखकानं असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अतीच केलंय.

माझी व्याप्ती होती : ज्याच्याकडे खोलीची किल्ली, त्याच्याकडेच पेपर. ती खरी ठरायला एक अट पुरी व्हायला हवी होती, की पेपर त्या खोलीबाहेर कुठेच नाही. अशा लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. आम्ही ती धुराच्याच उदाहरणानं शिकवतो. जिथे धूर तिथे आग हे खरं, पण जिथे आग तिथे धूर हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ओलं सरपण ही उपाधी. त्याच वर्षी, त्याच महिन्यात हे मी वर्गात शिकवलं होतं.

मी संस्थेला पत्र लिहिलं, माझी चूक कळवली. आठ महिने खेटे घातल्यावर त्याला परत घेतलं, पण मधला काळ नोकरीत धरला नाही. मुलाचे बासष्ट गुण कसे आले, तेही नंतर कळलं. नापास झाल्यावर बापानं त्याला मामाकडे ठेवलं होतं आणि पोरानं खरोखर अभ्यास केला होता. हे त्या वेळी विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

त्याची माफी मागायला गेलो, तेव्हा तो एका साखर कारखान्यावर पहारेकरी होता. चहा दिला. मी काय काय बोललो ते आठवत नाही. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही सांगितलंत."

असो. थोडं पाणी पितो.

या प्रसंगानंतर मी रहस्यकथा वेगळ्या तऱ्हेनं वाचतो. शेवट बरोबर ओळखला की नाही, यात मला आता फार रस उरलेला नाही. तपास करणारा कुणाला विचारतो आणि कुणाला विचारायचं विसरतो, तिकडे लक्ष असतं. आणि या बाबतीत या तिन्ही मालिकांना गुण द्यावे लागतील, थोडे कापूनही.

कापतो कुठे? मॅसीबाईंची गती संथ आहे. परदेशी वाचकासाठी त्या प्रत्येक पदार्थ, प्रत्येक रिवाज समजावून सांगतात. आपल्याला ते कधी कधी पाहुण्याला घर दाखवल्यासारखं वाटतं. वसीम खान यांना कोडी फार आवडतात. 'द डाइंग डे'मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतलं दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं जुनं हस्तलिखित नाहीसं होतं. कल्पना बहारीची, कारण सोसायटीकडे असं हस्तलिखित खरोखर आहे आणि ते मुसोलिनीला हवं होतं अशी कथा मुंबईत सांगतात. टाउन हॉलच्या त्या पायऱ्या मी तरुणपणी कितीदा चढलोय. पण पद्यातल्या कोड्यामागून कोडी सुटत जातात तेव्हा वाटतं, मेलेल्या माणसाला एवढा वेळ कधी मिळाला? आणि मुखर्जींचा सॅम हा १९१९ सालचा इंग्रज असूनही साम्राज्याबद्दल इतकं शहाणं बोलतो की तो आपल्या काळातून तिकडे गेलाय अशी शंका येते.

माझी आणखी एक तक्रार आहे, ती मराठी माणूस म्हणून. या मुंबईत पारशी आहेत, इंग्रज आहेत, नबाब आहेत. पण कोकणातून आणि देशावरून आलेला गिरणीकामगार, लालबाग-परळच्या चाळी, हे सगळं मागच्या बाजूला उभं राहतं. आता हा दोष त्यांचा की आपला? ती कादंबरी मराठीत लिहायला आपल्याला कुणी अडवलं आहे?

मग गुण कशाला? एक तर इतिहास. प्रिन्स ऑफ वेल्स १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरला. गांधीजींनी बहिष्काराची हाक दिली होती. शहरात दंगली उसळल्या, बहिष्कार टाकणारे एका बाजूला आणि स्वागताला गेलेले पारशी, अँग्लो-इंडियन दुसऱ्या बाजूला. मॅसीबाईंची 'द बॉम्बे प्रिन्स' त्या दिवसांत घडते. तोच राजपुत्र डिसेंबरात कलकत्त्याला पोचतो, आणि तिथे मुखर्जींची 'स्मोक अँड अॅशेस' घडते. दोन लेखकांनी एकच मिरवणूक दोन शहरांच्या खिडक्यांतून बघितली आहे. ही दोन पुस्तकं मी पाठोपाठ वाचली, तुम्हीही वाचून बघा. स्वागताला जाणं म्हणजे देशद्रोह का, न जाणं म्हणजे गुन्हा का, हा पेच मुंबईत एका पारशी विद्यार्थिनीच्या वाट्याला येतो आणि कलकत्त्यात वर्दीतल्या बॅनर्जीच्या. इतिहासाच्या पुस्तकात आपण दंगलीचं कलम वाचतो. त्या दिवशी सकाळी घरातून बाहेर पडावं की नाही, हा प्रश्न तिथे नसतो.

दुसरा गुण मालिका असण्याचा. लोक विचारतात, एकच नायक पुन्हापुन्हा कशाला? माझं उत्तर असं. प्रत्येक पुस्तकात खुनाचा निर्णय लागतो. पण तपास करणाऱ्याच्या आयुष्यातला संशय संपत नाही. परवीन दुसऱ्या बायकांना कायद्यानं सोडवते. स्वतः मात्र एका वाईट लग्नात कायद्यानंच अडकलेली आहे. वेगळं राहण्याची परवानगी मिळाली, घटस्फोट मिळत नाही. सॅमची अफू पुस्तक संपलं म्हणून सुटत नाही. बॅनर्जी घरी परत जाऊ शकतो का, हे एका खटल्यात ठरण्यासारखं नाही. सुटं पुस्तक आपल्याला निर्णयाचं समाधान देतं. मालिका आठवण करून देते की त्यानंतरही दुसऱ्या दिवशी उठून कामाला जायचं असतं.

आता जाता जाता एक व्यावहारिक सूचना. मालिका पहिल्या पुस्तकापासून वाचा, मधून घुसू नका. आणि पुस्तक दोन तृतीयांश झालं की थांबा. कागद घ्या. तुमचा संशय कुणावर आहे ती प्रतिज्ञा लिहा. खाली हेतू लिहा. मग तिसऱ्या ओळीत व्याप्ती लिहायचा प्रयत्न करा, 'जिथे जिथे हे, तिथे तिथे ते'. बहुतेक वेळा हात तिथेच अडखळतो. मग त्याखाली आणखी एक ओळ लिहा, ही माझी भर आहे, गौतमाची नाही : आतापर्यंत कुणाला काहीच विचारलं गेलेलं नाही? त्या माणसाचं नाव लिहा. गुन्हेगार तोच असेल असं नाही. पण पुढची पानं तुम्ही वेगळ्या लक्षानं वाचाल.

मी थांबतो. वेळ थोडा जास्त घेतला.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, गुन्हेगार आधीच ओळखता आला तर पुस्तक फसलं असं समजायचं का?

उत्तर : नाही. मला आता बऱ्याचदा ओळखता येतो, नातीला तर माझ्या आधी. लेखकानं खुणा प्रामाणिकपणे समोर ठेवल्या असतील तर काही वाचकांना उत्तर सापडणारच. फसलेलं पुस्तक ते, ज्यात शेवटी अशी माहिती बाहेर काढतात की जी वाचकाला कधी दाखवलीच नव्हती. तो मग तर्क राहत नाही, जादूगाराची टोपी होते.

प्रश्न : तुम्ही त्या शिपायाचं नाव सांगितलं नाहीत.

उत्तर : नाही सांगितलं. एकदा ते नाव माझ्यामुळे फलकावर लागलं होतं. आता पुन्हा नको.